पावलांकडे बघणारा माणूस

फरशीवाला "आधी तुम्ही" म्हणाला की नवख्या माणसाला वाटायचं, काय सभ्य गृहस्थ आहे! दारात थांबतो, वाट देतो, स्वतः मागं राहतो. जुन्या लोकांना मात्र पक्कं ठाऊक होतं की हा सभ्यपणा नाही, ही तपासणी आहे. नवा जिना झाला की त्यावर आधी गवंड्यानं चढायचं, मग हा चढणार. लिफ्टवाल्यानं "झाली दुरुस्त, बसा" म्हटलं की हा त्यालाच आत कोंबून वरच्या मजल्यापर्यंत पाठवणार आणि तो धडधाकट परत आलाय का, हे डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळणार. एकदा डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, तर यानं बाटली त्यांच्यापुढंच धरली.

"अहो, मला खोकला नाही," डॉक्टर म्हणाले.

"नसू दे. गोड आहे म्हणता ना?"

तेव्हापासून त्याचं नावच 'आधीतुम्ही' पडलं. बायको तेवढी "अहो" म्हणायची, आणि तेही अशा सुरात की त्यापेक्षा टोपणनाव बरं.

फरशीच्या कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फरशी बसवून झाली की तो गुडघ्यांवर बसायचा, मान वाकडी करून कान जमिनीला जवळजवळ टेकवायचा आणि थापीच्या लाकडी मुठीनं एकेक फरशी ठोकत जायचा. चारही कोपरे, मग मध्य. खाली माल नीट भरला असेल तर आवाज बद्द यायचा. एखादी जरी पोकळ वाजली तरी गडी सगळी ओळ उखडायला बसायचा. घरमालक डोक्याला हात लावायचे. "अहो, वरून काही दिसत तरी आहे का?"

"दिसत नाही म्हणूनच तर," तो म्हणायचा आणि छिन्नी लावायचा.

हे कान त्याला लढाईनं दिले होते. बत्तीस वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांचा असताना, नवी बायको पोटुशी घरी ठेवून तो सुरुंग काढणाऱ्या पलटणीत गेला होता. पोटावर पडायचं, हातभर लांब सळई तिरकी जमिनीत सरकवायची, काही लागलं की श्वास रोखायचा. लढाईनं आपल्याला किती गोष्टी शिकवल्या याचा आकडा तो मनःस्थितीप्रमाणे बदलत असे. कधी तीन, कधी सात, आणि जावई सुट्टीला आला असेल तर अकरा. घाईत असलेल्या माणसाचं ऐकू नये. जिथं गवत फार छान वाढलंय तिथं बसू नये; इतके दिवस तिथं कुणीच का बसलं नाही, हे आधी विचारावं. हसत हसत "काही नाही हो" म्हणणाऱ्याला पुन्हा विचारावं.

पण सगळ्यांत वरचा धडा एकच. त्याच्या पलटणीत रीत होती की ज्यानं जमीन साफ केली, त्यानंच गावकऱ्यांसमोर आधी तिच्यावरून चालून दाखवायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कागद, शिक्का, भाषण नंतर. "त्या चालण्याहून मोठी सही जगात नाही," तो सांगायचा, आणि जावई मान डोलावत पेपर वाचायचा.

आता गंमत बघा. ज्या शाळेत त्याची नात जात होती, तिच्या मागच्या भिंतीपलीकडंच लढाईच्या वेळचा सुरुंगांचा एक पट्टा होता. चांगली ऐसपैस जमीन, पण तिच्याभोवती काटेरी तार आणि तारेवर कवटीच्या पाट्या. दोन पिढ्या मुलं त्या शाळेत शिकली ती मैदानाशिवाय. कवायत व्हरांड्यात, शर्यत व्हरांड्यात. नात नऊ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती चालताना कुणी पाहिली नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला जिना होता, तिथं वळताना कठड्याला आपटून तिच्या कोपरांची सालं निघालेली असत. वर्गात तिच्याहून जोरात पळणारं कुणी नव्हतं, पण सरळ रेषेत ती चाळीस पावलांपेक्षा जास्त आयुष्यात कधी पळाली नव्हती.

त्या वर्षी अखेर सुरुंग काढणारं पथक आलं. पाच महिने माणसं निळे जाड अंगरखे घालून, तोंडावर काचेची झापडं ओढून जमिनीवर रांगत होती. मग शाळेतून पालकांना पत्र आलं: मैदान ताब्यात मिळत आहे, शनिवारी खेळांचा पहिला दिवस, पाल्याला पाठवण्यास हरकत नसल्यास खाली सही करावी.

भिंगरीची आई, म्हणजे त्याची मुलगी, पोस्टात खिडकीवर बसायची; सह्या घेण्यात तिचा जन्म चाललेला. पण हा कागद तिनं वडिलांपुढं ठेवला.

"बाबा, यातलं तुम्हाला कळतं. तुम्ही हो म्हणालात तर मी सही करते. नाही म्हणालात तर ती घरी बसेल."

"आजोबा, हो म्हणा," भिंगरी म्हणाली.

"बघू."

"'बघू' म्हणजे नाहीच असतं!"

"बघू म्हणजे बघू. सोमवारी ते लोक जमीन ताब्यात देणार आहेत. चालतात का, ते बघू."

सोमवारी सगळं गाव भिंतीपाशी लोटलं. हेडमास्तरांनी नवा कोट घातला होता आणि भाषणाचा कागद दोनदा उलटा धरला. पथकाची प्रमुख चाळिशीची एक बाई होती, उन्हानं रापलेली, बोलायला थोडी. ती पुढं आली आणि खरोखरच चालू लागली. लोक तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. आधीतुम्ही बघत होता पावलांकडं.

पावलं बरी होती. टाच आधी, मग चवडा, सगळा भार देऊन. घाबरलेला माणूस चवड्यावर चालतो. ही तशी चालत नव्हती. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, तिथून तिरकी निघाली, आणि ईशान्येच्या कोपऱ्याजवळ, फुटक्या पाण्याच्या टाकीपाशी, तिचं पाऊल उचललं गेलं आणि डावीकडं पडलं. तीन पावलं वळसा. मग पुन्हा सरळ.

टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी डोळे पुसले. आधीतुम्हीचे हात खिशातच राहिले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याच्या खांद्यांवरून हवामान कळायचं.

"वळली."

"कोण?"

"ती. कोपऱ्यात. सरळ जायला काय झालं होतं तिला?"

"अहो, खड्डा असेल, शेण असेल, बाईमाणसाच्या मनात येईल तसं वळली असेल!"

"सुरुंगवाली मनात येईल तसं वळत नाही," तो म्हणाला आणि थेट मैदानात नाही, तर रस्त्यानं भिंतीला वळसा घालून त्या कोपऱ्याच्या बाहेर जाऊन उभा राहिला. डांबर सोडून मातीवर तो सहसा पाय ठेवत नसे.

कोपऱ्यात फुलझाडांची रोपं होती. ताजी लावलेली, ओळीत, अजून मान टाकलेली. शाळेचा माळी तिथंच पाणी घालत होता.

"ही कधी लावलीस?"

"आज सकाळी. हेडमास्तर म्हणाले, पाहुणे येणार, जरा शोभा करा. त्या बाई तर सरळ माझ्या रोपांवरच येत होत्या हो! मी ओरडलो, तेव्हा वळल्या."

झालं. दुसरा कुणी असता तर इथं हसून घरी गेला असता. आधीतुम्ही रोपांकडं असा बघत राहिला, जणू ती त्याच्याशी खोटं बोलत होती.

"एवढं मोठं मैदान," तो म्हणाला, "आणि रोपं नेमकी इथंच?"

"अहो, इथं नळ आहे!"

"नळ आहे, हे बरंय," आधीतुम्ही म्हणाला. त्याच्या तोंडून ते अगदी पुराव्यासारखं वाटलं.

घरी त्यानं नाही म्हटलं. भिंगरी रडली नाही; ती उठली, व्हरांडा नव्हता म्हणून घराच्या बोळातच पळत सुटली आणि कोपर फोडून आली. कापूस लावताना मुलगी वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, मी लहान असताना तुम्ही मला झोक्यावरही बसू दिलं नव्हतं. मी काही बोलले नाही. पण ही मी नाही."

हे त्याला लागलं. मंगळवारी तो काम सोडून पथकाच्या पत्र्याच्या खोलीत गेला. आत एक टेबल, दोन खुर्च्या, खिळ्याला टांगलेले निळे अंगरखे आणि भिंतीभर मैदानाचा नकाशा. प्रमुख बाई चहात पाव बुडवून खात होती.

"त्या कोपऱ्यात तुम्ही वळलात," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"माळी ओरडला."

"तो म्हणतो तसं. तुम्हीही म्हणता तसं. दोघांचं जुळतं. जुळणारच."

बाईनं पाव खाली ठेवला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही कोणत्या पलटणीत होता, काका?"

त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली; फरशीवाल्याच्या शंकेला ती उत्तर देणार नव्हती, पण या पलटणीच्या माणसाला देणं भाग होतं.

"मग काय करू म्हणता? पुन्हा चालून दाखवू?"

"नको. मला तो कोपरा हातानं बघायचाय."

"नियमात बसत नाही."

"माझी नात बसते," तो म्हणाला. "म्हणजे, पळते. तिथं."

बाईनं नकाशावर तो कोपरा बोटानं शोधला. मग म्हणाली, "माझा माणूस धातू शोधायचं यंत्र घेऊन पुढं राहील. तुम्ही त्याच्या मागं, अंगरखा आणि झापड घालून. तो थांब म्हणाला की थांबायचं. आणि माळ्याला तुम्हीच सांगायचं."

माळ्यानं जे काय ऐकवलं ते छापण्यासारखं नव्हतं. एकेक रोप उपटताना तो आधीतुम्हीच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता.

दोन दिवस छप्पन्न वर्षांचा माणूस पोटावर पडून होता. सळई तिरकी, बोटभर अंतरावर पुन्हा, आणि पुन्हा. फरशी ठोकून ठोकून गुडघे कामातून गेले होतेच, आता कोपरंही गेली. भिंतीवर मुलांची रांग बसायची आणि ओरडायची, "काय सापडलं?" पहिल्या दिवशी सापडलं डब्याचं झाकण. दुसऱ्या दिवशी तीन खिळे, बांगडीचा तुकडा आणि एक चमचा. चमचा बघून यंत्रवाला म्हणाला, "काका, आता तरी बशी शोधू या." आधीतुम्ही हसला नाही. काही सापडलं नाही म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट तो मान वळवून सारखा उरलेल्या मैदानाकडं बघायला लागला.

गुरुवारी दुपारी तो पुन्हा पत्र्याच्या खोलीत आला. अंगभर माती.

"झाला कोपरा?" बाईनं विचारलं.

"झाला. साफ आहे."

"मग?"

"मग बाकीचं मैदान?"

बाईनं पेन टेबलावर टाकलं. "काका, सगळं मैदान तुमच्या एका सळईनं तपासायचं म्हटलं तर तुमची नात आजी होईल!"

"तेच तर." तो खुर्चीवर बसला, पहिल्यांदाच. "कोपऱ्याचं मला ठाऊक आहे. बाकीचं तुम्हाला. आणि मी तुम्हाला ओळखत नाही."

बाहेर माळी उरलेली रोपं डब्यांत भरत आदळआपट करत होता. मग आधीतुम्हीनं विचारलं, तेही जरा चाचरत, "तुमची चूक कुठं झाली?"

"कसली चूक?"

"पाच महिन्यांत. या जमिनीत. कुठं तरी झाली असेलच."

तो तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. "छे, काही नाही हो" असं ती हसून म्हणाली असती तर तो उठून घरी गेला असता, आणि नात शनिवारी बोळात पळाली असती. बाई हसली नाही. तिनं खणातून एक जाड वही काढली, पानं उलटली आणि वही त्याच्याकडं फिरवली.

"सातवा पट्टा. वाचा."

अक्षर तिचंच होतं. यंत्राचा खटका चुकीच्या जागी राहिला, सकाळचा एक तास चुकीच्या मापावर काम, चूक माझी, दिवसभराचं काम रद्द, पट्टा पहिल्यापासून पुन्हा. खाली सही. खाली तारीख. आणि दुसऱ्या तपासणीत काय सापडलं तेही लिहिलेलं होतं. एक सापडला होता.

आधीतुम्हीनं ती ओळ तीनदा वाचली.

"हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. पथकातल्यांनी आठवडाभर मला 'खटकाबाई' म्हणून हैराण केलं. तेवढं वाचलं असतं." बाईनं वही मिटली. "आता तुमची पाळी."

"माझी कसली?"

"काका, एवढी माणसं माझ्या तोंडाकडं बघून टाळ्या वाजवत होती. पायांकडं तुम्ही एकटे बघत होता. असं बघायला कुणी आपोआप शिकत नाही."

फरशीवाल्यानं तळहातावरची वाळलेली माती नखानं खरवडायला सुरुवात केली. जे बायकोला सांगितलं नव्हतं, मुलीला नाही, आणि अकरा धड्यांत ज्याचा समावेश नव्हता, ते त्यानं या तीन दिवसांच्या ओळखीच्या बाईला सांगितलं.

लढाई संपली होती. नदीकाठचं एक शेत होतं, त्यात विहीर. पलटणीला घरी जायचा हुकूम आलेला, ट्रक उभा, साहेब घड्याळ बघतोय. शेत सगळं झालं होतं, फक्त पश्चिमेचा पंधरा पावलांचा पट्टा राहिला होता. साहेबानं विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "झालं." घरी मुलगी झाली होती, तिचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाला, "मग चालून दाखव." गावची माणसं बांधावर उभी होती. तो चालला. पण आपल्याच जुन्या ठशांवर पाय देत, आणि पश्चिमेकडं वळायच्या आधी हळूच डावीकडं.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "एका म्हातारीनं माझ्या पायांना हात लावला. मग मी ट्रकमध्ये बसलो."

"पुढं?"

"पुढचं मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. बत्तीस वर्षं मी गावभर सांगत फिरतोय की साफ करणाऱ्यानं आधी चालावं. आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की चालण्यातही खोटं बोलता येतं."

बाईनं "अरेरे" म्हटलं नाही, की "होतं असं" म्हटलं नाही. तिनं कोरा कागद ओढला. "नदी कोणती? विहीर शेताच्या कुठल्या अंगाला? बांध कसा होता?" ती विचारत गेली, तो सांगत गेला. आश्चर्य म्हणजे त्याला सगळं आठवत होतं, विहिरीच्या कठड्याचा पडलेला दगडसुद्धा. शेवटी तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला. तो म्हणाला, "यावर माझं नाव घालावं लागेल?" ती म्हणाली, "घालावं लागेल." त्यानं घातलं. अक्षर एवढं वाकडं आलं की मुलीनं पोस्टात ते परत केलं असतं.

"तिथं आधीच कुणी जाऊन आलं असेल," बाई म्हणाली. "नसेलही. चौकशी करून कळवते. जे असेल ते कळवीन."

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले, आणि मुलीला म्हणाला, "सही कर."

"सगळं तपासलंत?"

"नाही. कोपरा तपासला. बाकीचं त्या बाईंनी तपासलंय."

"आणि तुमचा त्यांच्यावर विश्वास बसला?"

"सही कर म्हटलं ना!" तो खेकसला आणि आत निघून गेला. भिंगरीनं आनंदानं स्वयंपाकघराला दोन फेऱ्या मारल्या आणि आजीचा पाण्याचा तांब्या लवंडला.

शनिवारी मैदान भरलं. आधीतुम्ही भिंतीपाशी, डांबरावर उभा होता. शेजारी एका मुलाचा बाप होता, शिंपी, कानामागं खडू अडकवलेला. त्याला कोपऱ्याच्या तपासणीचा सगळा इतिहास ठाऊक होता. गावात कुणाला नव्हता?

"काय हो, आहे ना सगळं ठीक?" शिंप्यानं विचारलं.

"बाई म्हणतात, आहे."

"ते झालं बाईंचं. तुमचं काय?"

खोटं बोलायचं नाही असं त्यानं गुरुवारीच ठरवलं होतं, आणि तिथंच घात झाला. "मी फक्त त्या कोपऱ्याचं सांगू शकतो," तो म्हणाला.

शिंपी लगेच भिंतीवरून ओरडला, "ए! इकडं ये! आजोबांच्या कोपऱ्यात खेळ!" ते पलीकडच्या आईनं ऐकलं. तिनं आपल्या दोघांना हाका मारल्या. मग आणखी एकीनं. बघता बघता सगळ्या शाळेची पोरं फुटक्या टाकीजवळच्या त्या बारा पावलांच्या चौकोनात दाटली. माळ्यानं कालच पुन्हा लावलेली रोपं त्यांच्या पायांखाली गेली. हेडमास्तर शिट्टी वाजवून लालबुंद झाले. पथकाची बाई दूर पत्र्याच्या खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. ती कुणाला काही सांगायला पुढं आली नाही. एवढ्या मोठ्या मैदानावर एकटी भिंगरी उरली, पळायच्या तयारीत, शर्यतीला जोडीदार शोधत.

"आजोबा!" ती ओरडली. "कुणी येतच नाही!"

आधीतुम्ही भिंतीच्या फटीतून आत शिरला. डांबर सोडून त्यानं पाय मातीवर टेकवला. कुठलीही जुनी पाऊलखूण न धरता, सरळ मैदानाच्या मध्याकडं तो चालू लागला. आधी टाच, मग चवडा, सगळा भार. खाली काय आहे याची त्याच्याकडं काहीही खात्री नव्हती. होती ती एका बाईच्या वहीतली एक ओळ. घामानं सदरा पाठीला चिकटला. मध्यावर पोचल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून तो नुसताच उभा राहिला, हात लोंबकळत सोडून.

पोरं बघत राहिली. मग कोपऱ्यातून एक सुटलं. मग चार. मग सगळी लाट.

दोन्ही बाजूंनी पोरं पळत होती, आणि त्यांच्या पुढं भिंगरी, वळायला जिना नाही म्हणून अजूनच सुसाट. ती थेट त्याच्याच अंगावर येत होती.

"आजोबा, बाजूला व्हा ना! मधेच काय उभे राहिलात!"

कुठल्या बाजूला व्हावं याचा विचार करायला वेळच नव्हता. तो झाला.